बोल्टवरचा आकडा



पाऊस उघडून पाच-सहा दिवस झाले. खालच्या वाफ्यातलं घनसाळ पोटरीत आहे, वरच्या पट्टीतलं भात निसवायला लागलंय. करपा थोडा दिसतोय, पण फवारणीपुरता नाही. रानडुकरांचा माग मात्र परवापासून ओढ्याकडनं रोज दिसतोय. त्यामुळं आजची नोंद पिकाची नाही, राखणीची आहे. जरा लांबली आहे, पण ज्यांच्या घरात परवान्याची बंदूक आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. ज्यांच्याकडं नाही त्यांनीही वाचावी, कारण बरोबर न बसणारा पार्ट दामटून बसवायची खोड आपल्या सगळ्यांनाच आहे.

आमच्याकडं वडिलांच्या वेळची एक रायफल आहे. इशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीची .३१५ स्पोर्टिंग. आजरा, चंदगड, भुदरगड या पट्ट्यात ठासणीची नाहीतर बारा बोअरची बंदूक जास्त दिसते, रायफल कमी. वडिलांनी १९७९ साली घेतली. ते गेल्यावर वारसानं परवाना माझ्या नावावर झाला.

ही रायफल म्हणजे जुन्या ली-एनफिल्डची बहीण समजा. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं जी .३०३ होती तीच घडण. .३०३ हा लष्करी बोअर, सामान्य माणसाला बंद, म्हणून नागरिकांसाठी .३१५. नळी आणि काडतूस वेगळं, पण बोल्टची तऱ्हा तीच. दांडा वर उचलायचा, मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, खाली दाबायचा. दाराच्या कडीसारखं.

वडिलांचा एक नियम होता. रायफल एका कपाटात, बोल्ट दुसऱ्या पेटीत, काडतुसं तिसऱ्या जागी, आणि तिन्हींची कुलपं वेगळी. "बोल्ट नसलेली रायफल म्हणजे काठी. पोराच्या हाताला लागली तरी काठीच लागंल," असं म्हणायचे. मी तो नियम मोडला नाही. पण त्या नियमातच माझी एक चूक लपली होती, ती आता सांगतो.

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभा झाली. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं जमा करायची असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मीही जमा केली. सवयीप्रमाणं बोल्ट काढून वेगळा नेला होता. त्या दिवशी टेबलावर दहा-बारा बंदुका, त्यात माझ्यासारखीच आणखी एक .३१५, तिचाही बोल्ट बाहेर. रायफलीला चिठ्ठी बांधली, बोल्टलाही बांधली. मी पावती घेतली आणि घरी आलो. निकाल लागून गेल्यावर डिसेंबरात परत आणायला गेलो. रायफलीच्या अंगावरचा नंबर परवान्याशी ताडून बघितला, सही केली, बोल्ट पिशवीत टाकला.

बोल्टवरचा नंबर बघितला नाही.

या घडणीच्या रायफलीत बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी, मागच्या अंगाला, आकडा ठोकलेला असतो. रायफलीवर जो आकडा तोच बोल्टवर. पंचेचाळीस वर्षं ती वस्तू घरात आहे, मी शंभर वेळा तेल लावून पुसलीय, तो आकडा डोळ्यांनी बघितलाय. पण तो तिथं का आहे हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, हिशोबासाठी असंल. बैलाच्या कानातल्या बिल्ल्यासारखं.

फेब्रुवारीत मका भरात आला. वरचं रान जंगलाला लागून. चार रात्रींत डुकरांनी सात-आठ गुंठे मका आडवा केला. पंचनामा झाला, वनक्षेत्रपालांच्या कार्यालयातनं परवानगीचा कागद आणला. हे मुद्दाम लिहितोय, कारण "आपलं रान, आपली बंदूक" असं नसतं. रानडुकरावर गोळी चालवायला वनखात्याचा कागद लागतो आणि त्यातल्या अटी पाळाव्या लागतात. गवा तर सोडूनच द्या, त्याच्याकडं बंदूक वळवायचीसुद्धा नाही.

माळ्यावर मी आणि माझा धाकटा. पहाटेचे तीन वाजले असतील. ओढ्याच्या बाजूनं ताटं मोडल्याचा आवाज आला. धाकट्यानं बॅटरी धरली. मोठं डुक्कर, मागं उंच बांध, म्हणजे गोळी चुकली तरी मातीत जाणार. मी काडतूस सारलं, बोल्ट मिटला. नेहमीपेक्षा हलका मिटला, हे मला त्या वेळी जाणवलं होतं. पण त्या घाईत मी म्हटलं, तेल जास्त झालं असंल.

चाप ओढला. आवाज नेहमीचा. पण त्याबरोबर उजव्या गालावर कुणीतरी गरम वाळू फेकल्यासारखं झालं. चष्म्याच्या काचेवर काही तरी टचटच आदळलं. डुक्कर पळालं, गोळी बांधात गेली. मला आधी कळलंच नाही काय झालं. धाकटा म्हणाला, "आबा, तुमच्या तोंडावर काळं काय?"

पन्नाशीनंतर लागलेला चष्मा. त्या रात्री तो नसता तर ही नोंद मी एका डोळ्यानं लिहिली असती, किंवा लिहिलीच नसती.

मी बोल्ट तिथं उघडला नाही. नळी बांधाकडं धरून मिनिटभर थांबलो, मग सावकाश उघडला. दांडा ताठ झाला होता. पुंगळी निघाली ती बॅटरीत बघितली. बुडाच्या कॅपवर पिन लागून गोल खळगा पडायला पाहिजे, तिथं आरपार भोक आणि भोवती काजळी. आणि बुडापासून बोटभर वर पितळेवर एक चकचकीत कडं उमटलं होतं, बांगडीसारखं. असं कडं मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. रायफल रिकामी केली, बोल्ट काढून खिशात घातला आणि दोघं खाली उतरलो. त्या रात्री डुकरांनी आणखी दोन गुंठे खाल्ला. खाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी परवाना, रायफल, ती पुंगळी, सगळं घेऊन शहरातल्या परवानाधारक बंदुकीच्या दुकानात गेलो. तिथं एक म्हातारे मिस्त्री आहेत. वडिलांनाही ओळखायचे. त्यांनी रायफल हातात घेतली, बोल्ट घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिलाच प्रश्न केला, "पाटील, हा बोल्ट कुणाचा?"

मी म्हटलं, "म्हणजे? आमचाच की."

त्यांनी दोन्ही आकडे माझ्यासमोर धरले. शेवटचे तीन अंक वेगळे होते.

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत लिहितो. मी दहावी शिकलेला माणूस, मला समजलं म्हणजे तुम्हाला नक्की समजंल.

काडतुसाच्या बुडाला कडेनं एक ओठ असतो. काडतूस नळीत घातलं की तो ओठ नळीच्या तोंडावर टेकतो. मागनं बोल्टचं डोकं येतं आणि बुडाला टेकतं. नळीचं तोंड आणि बोल्टचं डोकं यांच्यात त्या ओठापुरतीच जागा पाहिजे. या जागेला हेडस्पेस म्हणतात. ही जागा कमी पडली तर बोल्ट मिटणारच नाही, किंवा जोर लावून मिटवावा लागंल. जास्त झाली तर बोल्ट सुखानं मिटतो, आणि तिथंच फसगत होते. बार उडाला की दाबानं पुंगळीचा पुढचा भाग नळीला घट्ट चिकटतो आणि बुडाला मागं रिकामी जागा सापडते म्हणून बूड मागं सरकतं. पितळ ताणलं जातं. ते चकचकीत कडं म्हणजे पितळ तुटायच्या बेतात आलेली रेघ. आणखी थोडी जागा असती तर पुंगळीचं बूड तुटून पडलं असतं आणि सगळा गॅस मागं आला असता.

मी विचारलं, "किती फरक झाला तर असं होतं?"

त्यांनी हसून सांगितलं, "तुमच्या ट्रॅक्टरचं टॅपेट किती ठेवता?"

.३०३ ला लष्करातली मापं अशी होती म्हणाले: ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट मिटलाच पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर मिटायला नको. मधली सगळी सवलत दहा हजारांश इंच, म्हणजे पाव मिलिमीटर. आपल्या बऱ्याच ट्रॅक्टरची टॅपेटची फट तेवढ्याच्याच आसपास असते. फीलर गेजची ती पातळ पात सगळ्यांनी बघितलीय. एवढ्या फटीवर पुंगळीचं आणि माझ्या डोळ्याचं भवितव्य होतं.

आता एक मोठी गोम. या घडणीत बोल्टचं डोकं वेगळं असतं, आट्यानं बोल्टच्या अंगावर बसवलेलं. ते मुद्दाम तसं केलंय, कारण कारखान्यात प्रत्येक रायफलीची फट थोडी थोडी वेगळी निघते. मग डोकं बदलून फट बरोबर करतात. पुढच्या काळातल्या नंबर चार रायफलींच्या डोक्यांवर तर ० ते ३ असे आकडेच असायचे, आकडा वाढंल तसं डोकं लांब. म्हणजे प्रत्येक रायफलीला तिच्या मापाचा बोल्ट मिळालेला असतो. म्हणून दांड्यावर तो आकडा. तो हिशोबासाठी नाही. तो सांगतो की हे दोन एकमेकांसाठी बसवलेत, यांची अदलाबदल करू नका.

मिस्त्रींनी मोठं गेज घालून बोल्ट मिटवून दाखवला. मिटायला नको होता. लोण्यात सुरी जावी तसा मिटला.

मग त्यांनी बोल्ट खोलला. पिन काढायला त्यांच्याकडं खास चावी आहे, पकडीनं ते काम होत नाही आणि करूही नये. पिन बाहेर काढून फडक्यावर ठेवली आणि शेजारी फॅक्टरीची नवी पिन ठेवली. मी अडाणी असलो तरी फरक डोळ्यात भरला. फॅक्टरीच्या पिनचं टोक हरभऱ्याच्या डाळीसारखं गोल, गुळगुळीत. या पिनचं टोक दाभणासारखं. लेथवरच्या रेघा तशाच. कुणीतरी गावठी लेथवर काढून घेतली होती.

"पिन कॅपला ठोसा मारते, टोचत नाही," मिस्त्री म्हणाले. पिन बोल्टच्या तोंडातनं साधारण एक मिलिमीटर बाहेर आली पाहिजे. कमी आली तर बार उडत नाही किंवा उशिरा उडतो. जास्त आली, किंवा टोकदार असली, तर कॅप फुटते आणि गॅस पिनच्या भोकातनं मागं घुसतो. या रायफलीत गॅसला बाहेर काढायला वाट ठेवलेली असते, म्हणून मी गालावर निभावलो.

आणि तिसरी गोष्ट. खऱ्या पिनला मागच्या टोकाशी एक खाच असते. मागच्या तुकड्यातला बारीक स्क्रू त्या खाचेत बसतो, म्हणजे पिन आट्यात फिरत नाही. लेथवाल्यानं ती खाच काढलीच नव्हती. त्याला तिचं कामच माहीत नसणार. त्यामुळं प्रत्येक बाराला पिन हळूहळू फिरायची आणि बाहेर यायचं मापही बदलत जायचं. आज बरोबर असलेली पिन दहा बारांनी बरोबर असंल याची खात्रीच नाही.

मी कपाळाला हात लावला. पण मिस्त्री म्हणाले, "तुमचं नंतर बघू. आधी मला सांगा, तुमचा बोल्ट कुणाकडं आहे?"

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, मंडळी. माझ्या हातात दुसऱ्याचा बोल्ट, म्हणजे माझा बोल्ट कुणाच्या तरी रायफलीत. आणि मका, भुईमूग, ऊस सगळीकडं भरात.

तिथूनच जिथं हत्यारं जमा केली होती तिथं फोन लावला. बोल्टवरचा आकडा सांगितला. तासाभरात त्यांनी रजिस्टर बघून सांगितलं, शेजारच्या तालुक्याच्या हद्दीवरच्या एका वाडीतले एक काका. वय सत्तरीच्या घरात. मी मोटरसायकल काढली आणि थेट गेलो. वाटेत घाटात दोनदा वाटलं की आपण उशीर केला. निवडणुकीनंतर अडीच महिने झाले होते.

काका अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी ओळख सांगितली, वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी आधी चहा ठेवायला सांगितला, मग माझं काम विचारलं. मी म्हटलं, "काका, तुमची रायफल आल्यापासून बार काढलाय का?"

"कुठला काढतोय," म्हणाले. "बोल्टच मिटंना झालाय. गंज धरला म्हणून तेलात ठेवला, तरी मिटंना. परवा लाकडी थापीनं ठोकून बघितला, निम्म्यावर जाऊन अडतोय. आता मंगळवारच्या बाजारला लेथवाल्याकडं नेणार हाय. तो म्हणाला, डोकं जरा घासून देतो."

ऐकून माझे हातपाय गार पडले. त्याचा अर्थ बघा. माझी रायफल मूळची जरा ढिल्या फटीची, म्हणून तिला फॅक्टरीनं लांब डोक्याचा बोल्ट दिलेला. त्यांची आवळ, म्हणून तिला आखूड डोक्याचा. अदलाबदल झाली तेव्हा त्यांचा आखूड माझ्यात ढिला पडला आणि माझा लांब त्यांच्यात मिटंना. आणि मंगळवारी माझ्या बोल्टचं डोकं कानशीनं घासलं गेलं असतं. मग त्यांच्यात तो मिटला असता, पण किती घासला याचं माप कुणाकडं? आणि नंतर कधी आकडा लक्षात येऊन तो माझ्याकडं परत आला असता, तर मी "आपलाच बोल्ट, आकडा जुळतोय" म्हणून निर्धास्त बार काढला असता. घासलेला भाग परत येत नाही. त्या दिवशी शनिवार होता.

मी खिशातली पुंगळी त्यांच्या हातावर ठेवली. कॅपचं भोक दाखवलं, कडं दाखवलं. गालावरचे काळे ठिपके अजून होते, तेही दाखवले. काका बराच वेळ पुंगळी फिरवत बसले. मग म्हणाले, "ती पिन मीच करून घेतली. गेल्या साली जुनी पिन मोडली. दुकानात गेलो तर महिना लागंल म्हणाले. लेथवाल्यानं दोन तासांत दिली, तीनशे रुपयांत. माझ्या डोळ्यावर उडायचं ते तुमच्या डोळ्यावर उडालं."

मी म्हटलं, "काका, उडालं ते चष्म्यावर उडालं. आणि आकडा मीपण बघितला नाही."

मला त्यांना बोल लावता आला नाही. महिना कोण थांबणार? भुईमूग महिना थांबत नाही. डुकरं महिना थांबत नाहीत. आपण पेरणी यंत्राचा फण मोडला तर त्याच रात्री वेल्डिंग मारून सकाळी रानात जातो. पंपाचा बुश, मळणीचा पट्टा, टोकणीची चकती, सगळं आपण असंच भागवतो, आणि बहुतेक वेळा भागतंही. ते भागतं म्हणून आपल्याला वाटतं, सगळंच भागंल. पण फण परत मोडला तर एक तास जातो. इथं तास जात नाही, माणूस जातो.

काका म्हणाले, "मग घ्या तुमचा, द्या माझा." आणि घरात जाऊन बोल्ट घेऊन आले. मला मोह झाला, खोटं सांगत नाही. पाच मिनिटांचं काम होतं. पण मिस्त्रींनी निघताना बजावलं होतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा भागसुद्धा बंदुकीतच धरला जातो. म्हणजे परवान्यावर नसलेला बोल्ट खिशात घालून फिरणं ही साधी गोष्ट नाही. दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो, त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणं. म्हणजे लेथवाला आणि आपण, दोघंही अडचणीत.

म्हणून सोमवारी दोघं मिळून जिथं हत्यारं जमा केली होती तिथं गेलो. दोघांनी अर्ज लिहिले, चारही आकडे त्यात टाकले, नोंद झाली, समोरासमोर बोल्ट बदलले. तिथल्या साहेबांनी कसलीही खळखळ केली नाही. उलट म्हणाले, पुढच्या वेळेपासून पावतीवर बोल्टचा आकडाही टाकू. तिथून दोघं मिस्त्रींकडं.

मिस्त्रींनी माझा बोल्ट माझ्या रायफलीत घालून गेज लावलं. लहानावर मिटला, मोठ्यावर अडला. तो अडलेला दांडा बघून जेवढा आनंद झाला तेवढा उसाचं बिल बघूनही होत नाही.

काकांच्या बोल्टला फॅक्टरीची पिन बसवायची होती. मी शेजारी बसून सगळं बघितलं. त्यांनी नुसती पिन घालून दिली नाही. आधी बोल्टचे खांदे बघितले, म्हणजे बार उडाल्यावर बोल्टला रोखून धरणारे दोन टेकू. या घडणीत ते मागच्या बाजूला असतात. त्यांना रंग लावून बोल्ट मिटवला-उघडला, दोन्हीकडचा रंग सारखा पुसला जातो का ते बघितलं. एकाच खांद्यावर भार आला तर दुसरा नुसता शोभेचा. मग डोकं, मग गेज, मग पिन, मग पिनचं बाहेर येण्याचं माप, मग तो खाचेतला स्क्रू. म्हणाले, नवा बोल्ट बसवायचा असला तरी हाच क्रम: आधी खांदे, मग डोकं, शेवटी पिन. क्रम उलटा केला तर एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं. बाजारात सुटा मिळणारा बोल्ट कितीही नवा असू दे, तो या रायफलीला बसवल्याशिवाय तो तिचा होत नाही.

नंतर डमी काडतूस घालून चार वेळा चालवून बघितलं. काकांना म्हणाले, "आता वीस वर्षं बघायला नको."

काका म्हणाले, "वीस वर्षं मला तरी कुठं बघायचंय." तिघंही हसलो.

मका गेला तेवढा गेला. पुढच्या वर्षी मी त्या रानाला सोलरचं झटका कुंपण केलं. खर्च आला, पण त्यानंतर माळ्यावर रात्री बसणं निम्म्यावर आलं. रायफल आता वर्षात एकदा-दोनदा बाहेर निघते, तीही तेल लावायला. काकांचा फोन मात्र दर सणाला येतो. पहिला प्रश्न पिकाचा, दुसरा डोळ्याचा.

आता कामाचं थोडक्यात लिहितो. ज्यांच्याकडं बोल्टवाली रायफल आहे त्यांनी आज संध्याकाळी एवढं करा.

१. रायफल रिकामी आहे याची डोळ्यानं आणि बोटानं खात्री करून रायफलीवरचा आणि बोल्टवरचा आकडा जुळतो का बघा. जुळत नसंल तर बार काढू नका.

२. जमा करताना आणि परत घेताना दोन्ही आकडे पावतीवर लिहून घ्या. शक्य असंल तर बोल्ट आणि रायफल एकाच गाठोड्यात बांधा.

३. प्रत्येक पुंगळी बघून मगच टाका. कॅपला भोक, कॅप बाहेर आलेली, बुडाजवळ चकचकीत कडं किंवा चीर, यातलं एक जरी दिसलं तरी तिथंच थांबा.

४. बोल्ट नेहमीपेक्षा जड किंवा हलका मिटला तर तो काही तरी सांगतोय. मी ऐकलं नाही.

५. चाप ओढला आणि बार उडाला नाही तर लगेच बोल्ट उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा. उशिरा उडणारा बार असतो.

६. पिन, बोल्ट, डोकं, यातलं काहीही लेथवर करून घेऊ नका, कानस लावू नका, ठोकू नका. परवानाधारक मिस्त्री आणि गेज, याशिवाय ते काम नाही.

७. बार काढताना डोळ्यावर चष्मा पाहिजेच. नंबरचा नसंल तर साधा घाला.

ती भोक पडलेली पुंगळी मी टाकली नाही. ज्या पेटीत बोल्ट असतो तिच्यातच ठेवलीय. धाकटा पेटी उघडतो तेव्हा आधी ती हाताला लागते, मग बोल्ट. परवा निवडणुकीची कुणकुण लागली तेव्हा तो आपण होऊन म्हणाला, "आबा, आकडे लिहून ठेवू का?" त्यानं परवान्याच्या झेरॉक्सवर दोन्ही आकडे लिहून भिंतीला लावलेत.

उद्या वरच्या पट्टीत बांधाची डागडुजी आहे. घनसाळला लोंबी धरली की फोटो टाकतो. तुमच्याकडं आकडे जुळले का, ते खाली जरूर लिहा. जुळले नसतील तर लाजू नका, मीही लाजलो नाही.

राम राम.